आणखी जवळून फोटो पाठवा

१५ फेब्रुवारी २००९, शारजा

पोचले. ऑफिसचा ड्रायव्हर नूरुद्दीन घ्यायला आला होता. मूळ चिपळूणचा. माझी एकच बॅग बघून म्हणाला, मॅडम, मंदीत सगळी दुनिया सामान बांधून परत चाललीय आणि तुम्ही एकट्या इकडे, घरी भांडलात की काय? मी म्हटलं, नोकरी लागली. तर म्हणाला, मग मुबारक, हल्ली इथे ती दुर्मीळ प्राण्यांत धरतात.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धवट इमारती. त्यांच्या डोक्यावरच्या क्रेन हळूहळू फिरत होत्या. काम चालू दिसतंय, असं मी म्हटलं. छे, मोकळ्या सोडल्यात, वाऱ्याने फिरतात, असं तो म्हणाला.

शारजातल्याच रोल्ला भागात मरियमबींकडे खोली घेतली आहे. त्या दापोलीच्या, नवरा जहाजावर. खोली लहान पण स्वच्छ. खाली कापडाची दुकानं, शिंपी, मलबारी चहावाला. जेवायला तिसऱ्यांचं सुकं आणि तांदळाची भाकरी होती. मी पुण्याची म्हटल्यावर त्यांनी विचारलं, हाताने शिंपले सोलून खाशील ना पोरी, की चमचा देऊ? मी दोनदा वाढून घेतलं. खूप दिवसांनी अशी भूक लागली.

१९ फेब्रुवारी

काम समजलं. कंपनी पर्यावरणाचे अहवाल करते. प्रमुख सूर्यकांत सर, ठाण्याचे. अर्ध्याहून जास्त टेबलं रिकामी आहेत. त्यांवरचे मग, कॅलेंडरं, एका लहान मुलीचा फोटो, सगळं तसंच.

एका परदेशी विद्यापीठाचं संकेतस्थळ आहे. कुणालाही कुठेही प्राणी, पक्षी, किडा दिसला की त्याने फोटो, तारीख आणि जागा त्यावर टाकायची. बाकीचे लोक नाव सुचवतात. दोघांनी एकच नाव दिलं की नोंद पक्की होते. माझं काम असं: नकाशावर प्रकल्पाच्या जागेभोवती चौकोन आखायचा, तारखा भरायच्या, पक्क्या नोंदींवर खूण करायची आणि एक्सपोर्टचं बटण दाबायचं. सगळ्या नोंदी तक्त्यात उतरतात. तो तक्ता अहवालाला जोडतात.

सरांनी त्यांच्या खात्याचा पासवर्डही दिला. दुसरा माणूस शोधत बसू नकोस, म्हणाले, आधी तुझ्या खात्यातून नाव दे, मग माझ्या. इथे सगळे तेच करतात. मी पासवर्ड लिहून घेतला.

माझा एमएस्सीचा विषय माश्या, हे त्यांना फार आवडलं. ऑफिसात जाहीर केलं की बाकीचे फुकट माश्या मारतायत, संपदाला मात्र त्याचा पगार आहे.

फ्रिजमध्ये गेलेल्या माणसांचे डबे आहेत. एक उघडला. भाताला केस आले होते, करडे, मऊ, लांब. झाकण लावलं. हात धुतले. बोटांना वास राहिला.

८ मार्च

पहिला प्रकल्प. रास अल खैमाच्या उत्तरेला खाडीकाठी मनोरे बांधायचे होते. हिवाळ्यात काम थांबलं, मालक देश सोडून गेला. आता दुसऱ्याला जागा घ्यायची आहे. त्याला परवान्यासाठी या मोसमातल्या सलग नोंदी हव्यात. नोंदी मिळाल्या नाहीत तर तिथे माणसं पाठवून पाहणी करावी लागेल. तेवढं तो देणार नाही, मग काम जाईल, आणि मग आपणही जाऊ, असं सरांनी सांगितलं. यल्ला, चल, चौकोन आख.

चौकोनात एकच निरीक्षक सापडला. खात्याचं नाव ‘साइट वॉच’. आधीच्या परवान्यात अट होती की जागेवरून दर आठवड्याला नोंद गेली पाहिजे. म्हणून कंपनीने तिथे एक फोन ठेवला होता. त्यावरून फक्त या संकेतस्थळाला फोटो जातो, बाकी सगळं बंद केलेलं. सर म्हणाले, असेल कुणी चौकीदार, विसरून राहिलेला. चुचकारत राहा त्याला.

फोटो वाकडेतिकडे आहेत. शेकाट्या पक्ष्याचे लांब पाय चौकटीबाहेर. एक खेकडा, त्यावर काढणाऱ्याची सावली. तिवरांत एक वंचक बगळा. मी प्रत्येकाला नाव दिलं, इंग्रजीत लिहिलं, छान नोंद, आणखी पाठवा. दोनदा पक्कं केलं, एकदा मी म्हणून, एकदा सर म्हणून. प्रत्येक वेळी खाली उत्तर आलं, ओके सर.

तेवढ्याने बरं वाटलं. या देशात माझं कुणी ऐकतं.

२ एप्रिल

साइट वॉचचे पक्षी कमी झाले. आता पाली येतात. भाताच्या पातेल्यात झुरळ, एक मेलेलं मांजर. मांजराच्या तोंडात माश्यांनी अंडी घातली होती, किसलेल्या खोबऱ्यासारखी. मी चहा बाजूला ठेवला आणि नाव दिलं.

सगळे फोटो जमिनीलगतचे आहेत. बहुधा पालथं पडून काढतो. हौशी माणूस दिसतो.

सर खूश. आकडा वाढतोय. मरियमबींनी विचारलं की दिवसभर करतेस तरी काय. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, माशीला नाव द्यायला हिंदुस्थानातून माणूस आणतात, अल्लाची दुनिया मोठी आहे.

२६ एप्रिल

आज अळ्या आल्या.

कच्च्या मांसात एक भोक. आत अळ्या डोकी खाली घालून एकमेकींना चिकटून उभ्या. वर फक्त मागची टोकं, दाटीवाटीने, मुठीत धरलेल्या तांदळासारखी. भोकाच्या कडा सुजून वर आलेल्या, ओल्या. एका बाजूला काळ्या दोरीचा तुकडा.

सर दहीभात खात मागे येऊन उभे राहिले. बघितलं आणि डबा बंद केला. मेलेली बकरी, म्हणाले, गळ्यातली दोरीही दिसतेय. घाण आहे, पण नोंद ती नोंद.

अळीची जात मागच्या टोकावरच्या श्वासाच्या भोकांवरून आणि अंगावरच्या काट्यांवरून कळते. फोटोत ते दिसत नव्हतं. मी नेहमीसारखं लिहिलं: उत्तम नोंद! आणखी जवळून फोटो पाठवा. जमल्यास काही अळ्या बाहेर काढून, पुसून, पांढऱ्या कागदावर ठेवा. मागचं टोक स्पष्ट दिसावं.

जेवून आले तोवर उत्तर आलं होतं. ओके सर.

५ मे

पाठवल्या. सिमेंटच्या पोत्याचा पांढरा कागद फाडून त्यावर एकेक अळी मांडलेली, ओळीत. पुसायचा प्रयत्न केलेला. कागदावर लाल फराटे. काही अळ्या आखडलेल्या, काही कागद सोडून निघालेल्या.

इतकं सांगितल्यासारखं कुणी करत नाही. मला कौतुक वाटलं. तसं लिहिलंही.

काट्यांचे पट्टे जरा जास्तच ठळक वाटले. पुस्तक काढणार होते. सर म्हणाले, संध्याकाळी तक्ता हवा, बकरीवर बसणारी माशी म्हणजे काही वाघ नाही. मेलेल्या जनावरावर सगळीकडे सापडते त्या माशीचं नाव दिलं. मग सरांच्या खात्यातून तेच. एकमत झालं.

दुसऱ्या फोटोत दोरीला चिकटून एक काळा चकचकीत भुंगेरा आहे. मढं सुकत आलं की असे येतात. त्यालाही नाव दिलं.

घरी मरियमबींनी भात वाढला. ताटात बघितलं. उठले.

१२ मे

एक्सपोर्ट झाला. अहवाल गेला. सरांनी बर्फी आणली आणि सगळ्यांसमोर म्हणाले की संपदाच्या किड्यांनी कंपनी तारली.

साइट वॉचच्या नोंदी थांबत नाहीत. रोज येतात. भोक मोठं होतंय, आता आत पांढरं काही दिसतं. अळ्यांच्या मध्ये फेस. मी सवयीने लिहिते, छान नोंद. बर्फीला दुधाचा वास येत होता. कागदात गुंडाळून टाकली.

१७ मे

भुंगेऱ्याचं नाव बरोबर नव्हतं असं वाटत राहिलं म्हणून फोटो पुन्हा उघडला. पाय मोजायचे होते. पाय नाहीत. मोठा केला. मिशा नाहीत. पंखांची फट नाही. मधोमध भोक आहे आणि काळा दोरा त्यातून ओवलेला आहे.

तो बिब्बा आहे.

दृष्ट लागू नये म्हणून आई पायात बांधते तो. माझ्याही पायात होता, शाळेत जाईपर्यंत. बकरीच्या गळ्यात कुणी तो असा बांधत नाही, घोट्यावर बसेल इतक्या बेताच्या दोऱ्यात. दोरा मांसात रुतला आहे, कारण घोटा सुजला आहे.

मी पुस्तक काढलं. काट्यांचे पट्टे पाहिले. ही ती माशी नाही. ही दुसरी. हिची अळी मेलेल्या मांसावर जगत नाही. तिला जिवंत मांस लागतं. जीव गेला की ती सोडून जाते.

म्हणजे तो माणूस जिवंत आहे. फोटो तोच काढतोय. दुसरं कुणी तिथे नाही.

मी त्याला अळ्या बाहेर काढायला सांगितल्या होत्या. पुसून.

ऑफिसच्या बेसिनमध्ये उलटी झाली. पाणी सोडलं तरी जात नव्हती.

१८ मे

सरांना दाखवलं. त्यांनी फोटो बघितलाच नाही. मग दार लावलं. म्हणाले, अगं, बिब्बा कुठेही पडलेला असतो. जिवंत मांसातली माशी म्हणजे रोगाची वर्दी, जागेला टाळं, अहवाल खोटा ठरणार, आणि त्यावर नाव कुणाचं आहे? तुझं. दोन्ही नावं तूच दिलीस. व्हिसा रद्द झाला तर महिन्याभरात बाहेर. इथे आत्ता कोण ठेवून घेणार तुला?

मी म्हटलं, माणूस आहे.

ते म्हणाले, मी फोन करून चौकशी करतो. दुपारी सांगितलं, सगळे कामगार केव्हाच परत गेले, जागेवर कुणी नाही. खलास.

मला ते खरं मानायचं होतं. मानलं. हे लिहून ठेवते.

२० मे

नोंद आली.

या वेळी पाय नाही. कान.

त्याला लिहिलं, मराठीत: कोण आहात? नाव सांगा. मी येते.

उत्तर. ओके सर.

त्याचा फोन मराठी दाखवत नसेल. चौकोन दिसले असतील नुसते. इंग्रजीत पुन्हा लिहिलं, जखमेला काही करू नका, काही काढू नका, थांबा.

नंतर लगेच फोटो. पांढरा कागद. अळ्या ओळीत. ‘काढा’ एवढाच शब्द त्याला लागला असेल; त्याला वाटतं मी फक्त तेवढंच मागते.

२१ मे

नूरुद्दीनला सांगितलं. फोटो दाखवला. त्याने तोंड फिरवलं. म्हणाला, चार दिवस हे पोटात ठेवून तुम्ही जेवलात कशा? मी म्हटलं, जेवले नाही. तो म्हणाला, मग ठीक. उद्या जुम्मा, नमाज झाली की निघू. मी म्हटलं, आधी. तो म्हणाला, बरं, आधी. अल्ला बघतोय.

ॲम्ब्युलन्सला फोन केला. पत्ता विचारला. पत्ता नाही, नकाशावरचा ठिपका आहे. खाडी, मोठ्या रस्त्यापासून आत, एवढंच सांगता आलं. हमरस्त्यावर पोचून फोन करा, आम्ही तिथून येऊ, म्हणाले.

मरियमबींनी डेटॉल, फडकी, पाण्याच्या बाटल्या बांधून दिल्या. 

२२ मे, सकाळ

गाडी आत जात नाही. मिठाचा चिखल. चालत आलो. आमच्या फोनला रेंज नाही, साइट वॉचच्या फोनचं नेटवर्क वेगळं असणार.

मनोऱ्यांच्या पायथ्याशी पत्र्याची केबिन. वास आधी आला. गोड. पिकलेल्या फणसासारखा, आणि त्याच्या खाली दुसरा.

दार उघडंच होतं. काळं काही भिंतीवर पसरलं होतं ते उडालं.

तो आहे. जिवंत. नाव गणू. कुडाळकडचा. नूरुद्दीनने त्याला पाणी पाजलं, मग तो ॲम्ब्युलन्स आणायला हमरस्त्याकडे धावला. मी इथे. वही पर्समध्ये होती. हात कशाला तरी लावून ठेवायला हवा म्हणून लिहितेय.

गणू बोलतो. हळू. तुमीच ती नावां धाडतास काय, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्याला आनंद झाला. म्हणाला, माका वाटला कोण मोठो सायब आसतलो.

जागा सोडली तर पळून गेल्याची तक्रार होईल, असं सुपरवायझर सांगून गेला होता. म्हणून सोडली नाही. बदली माणूस येणार होता. फाउंडेशनची सळई पायात गेली. मग किडे पडले. गावाकडे ढोरांना पडतात तसे. उपाय त्याला माहीत होता. जनरेटरातलं डिझेल ओतलं. किडे पडायला लागले, जखम सुकायला लागली होती—

तेवढ्यात माझा निरोप आला. आणखी पाठवा.

म्हणून त्याने डिझेल बंद केलं. साहेबाला हवेत तर मारायचे कशाला. चांगले मोठे होऊ दिले. उत्तर येतंय तोवर कुणीतरी आहे, असं त्याला वाटलं. उत्तर बंद झालं तर—

चहाच्या बरणीत काही ठेवले आहेत माझ्यासाठी. झाकणाला भोकं पाडून. बरणी त्याने माझ्याकडे सरकवली. मी घेतली. घ्यावी लागली.

काच कोमट आहे.

नंतर

पायावर फडकं टाकलं. फडकं हलतं.

डेटॉल ओतलं. तो ओरडला नाही. तिथे काही उरलंच नसावं ओरडायला. मला म्हणाला, बाई, ह्या मोठ्याचा नाव काय. मी नाव सांगितलं. खरं. या वेळी बरोबर. त्याने ते म्हणून बघितलं. अर्धं.

नूरुद्दीन अजून नाही.

कानातून— मी पाहणार नाही. पाहिलं.

माश्या माझ्या ओठांवर बसतात. तोंड मिटून लिहितेय. गुडघा चिखलात खरचटला होता. तिथेही बसतात. हाकलते. बसतात.

गणू, जागे राहा. आईचं नाव सांगा. सगुणा, म्हणाला. बिब्बा तिनेच. निघताना.

मग काही नाही.

नंतर

हाक मारली. डोळे उघडे आहेत. छातीकडे बघतेय. फडकं हलतंय त्यामुळे छाती हलते की नाही कळत नाही. हात लावायला हवा. लावते.

लावला. गरम आहे. पण इथे सगळंच गरम आहे, पत्रा, काच, जमीन—

फडकं थांबलं.

मग कडेने एक बाहेर आली. मग बऱ्याच. कानातूनही. घाई नाही त्यांना. पुस्तकात लिहिलं आहे तसंच, जीव गेला की त्या

गणू.

जमिनीवर उतरल्या. सगळ्या. दार माझ्या मागे आहे आणि गुडघा दुमडत नाही, आत काहीतरी हलतंय, मघापासून, मला वाटलं घाम